थेलॉन नदीवर स्वतःच आखलेली कनू ट्रिप, बेकर लेकपर्यंत, तीन आठवड्यांत जमेल का?

टोरांटोचा_टवाळ:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

आम्ही चौघं. तिघं मिसिसागा-ब्रॅम्पटनचे आणि चौथा माझा मावसभाऊ, पुण्याहून येणार. पुढच्या उन्हाळ्यात थेलॉन करायची असं डोक्यात बसलंय. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी, ही नदी कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून निघते आणि नुनावुटमधल्या बेकर लेक गावाशी संपते, मधे गाव नाही, रस्ता नाही, मोबाइलचा तर प्रश्नच नाही. गाइड घेऊन जाणाऱ्यांचे माणशी भाव विचारले आणि डोळे पांढरे झाले, मग म्हटलं आपणच करू, नकाशे फुकट मिळतात आणि वल्ही आपल्याला मारता येतात.

प्लॅन असा आहे. यलोनाइफहून फ्लोट प्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, हॅनबरी आणि थेलॉन जिथे मिळतात तिथे उतरायचं आणि खाली बेकर लेकपर्यंत जायचं. नकाशावर मोजलं तर साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर भरतंय, मी ५७० धरलंय. दिवसाला ३५ किलोमीटर म्हणजे सोळा-सतरा दिवस, वर दोन दिवस जादाचे. निघायचं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कारण तोवर डास कमी होतात म्हणे. ऑफिसमधून तीन आठवडे सुट्टी मिळू शकते, त्याच्यावर मॅनेजरचं तोंड बघवणार नाही.

अनुभव म्हणाल तर आम्ही तिघांनी ओंटारिओतलं अल्गोंक्विन, किलार्नी, फ्रेंच रिव्हर केलंय, छोटे रॅपिड म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे मारता येतात. मावसभाऊ सह्याद्रीत पक्का, रतनगड हरिश्चंद्रगड वगैरे झोपेत करतो, आणि कोलाडला राफ्टिंग केलंय. आमच्यातला एक जण माळकरी आहे, तेव्हा रोज मासे मारून खाऊ हा प्लॅन चौघांसाठी चालणार नाही.

विचारायचं हे की या नदीवरचे रॅपिड कितपत अवघड आहेत, कनू विकत घ्यायची की भाड्याने, अस्वलांचं काय करायचं, आणि एकूण हा प्लॅन बरोबर वाटतो का. स्पष्ट बोला, राग येणार नाही.

उत्तरवारा:

टवाळभाऊ, स्पष्टच सांगतो. नदी छान निवडलीय, महिना चुकलाय, आणि दिवसांचा हिशोब तर कुठल्या कुठे गेलाय. मी बरीच वर्षं यलोनाइफला आहे, थेलॉनवर गेलोय आणि कॉपरमाइनवरही.

तुम्ही रॅपिडबद्दल विचारलंत आणि वाऱ्याबद्दल अख्ख्या पोस्टमधे एक अक्षर नाही. या नदीचा खरा पेपर वाराच काढतो. अवघड भाग वरच्या अंगाला आहेत, थेलॉन कॅन्यन किंवा हॅनबरीवरची डिक्सन कॅन्यन वगैरे, तिथे सामान खांद्यावर घेऊन चालायचं असतं. तुम्ही संगमाशी उतरताय म्हणजे हे सगळं मागे राहिलं. तिथून खाली बराच काळ पात्र रुंद, पाणी वाहतं, वाळूचे काठ, फार डोकेदुखी नाही. मग बेव्हर्ली, अ‍ॅबरडीन आणि शुल्ट्झ असे तीन लेक, म्हणजे सरोवरं, एकामागून एक येतात. एकटं अ‍ॅबरडीनच ऐंशी किलोमीटरच्या आसपास लांब आहे. तिथे झाड नाही, टेकडी म्हणावी अशी टेकडी नाही, वारा कुठूनही येतो आणि त्याला अडवायला काही नाही. उथळ काठाशी लाटा अशा उभ्या राहतात की सामानाने भरलेली कनू घेऊन निघायचं नाव काढू नये. कधी अर्धा दिवस तंबूत बसता, कधी सलग तीन दिवस बसता. वारा पडायची वाट बघायची आणि पडला की रात्री दोन वाजता का असेना, उठून निघायचं.

आता हिशोब परत मांडा. दिवसाला ३५ किलोमीटर वाहत्या पाण्यात होतात, पन्नाससुद्धा होतात, पण लेकवर नाहीत. सरासरी ३० धरा, ५७० ला १९ दिवस. दर तीन दिवसांमागे एक दिवस वाऱ्याचा धरा, म्हणजे आणखी सहा. पंचवीस झाले. खाणं अठ्ठावीस दिवसांचं न्यायचं. यात तुमचं मिसिसागा ते यलोनाइफ, तिथे हवामानासाठी थांबणं, आणि शेवटी बेकर लेकहून परत येणं धरलेलंच नाही. म्हणजे घरापासून घरापर्यंत पाच आठवडे. तीन आठवड्यांत हा पल्ला करायला निघालात तर रोज एकच विचार डोक्यात राहणार, आज निघायलाच हवं, आणि ज्या दिवशी निघायला नको त्याच दिवशी तुम्ही निघणार. माणसं तिथे पोहता येत नव्हतं म्हणून मरत नाहीत हो, सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं म्हणून मरतात.

हे उगाच घाबरवायला सांगत नाही. १९५५ मधे आर्थर मॉफॅट नावाचा माणूस पाच तरुणांना घेऊन डुबॉन्ट नदीवर गेला होता, ही डुबॉन्ट पुढे बेव्हर्ली लेकपाशी थेलॉनलाच मिळते. अनुभवी माणूस, ३६ वर्षांचा. उन्हाळा रमतगमत काढला, फिल्म काढत बसले, खाणं संपत आलं, थंडी सुरू झाली, आणि मग घाईला लागले. १४ सप्टेंबरला पुढे नीट न बघता एका रॅपिडमधे शिरले, कनू उलटल्या, आणि बाहेर काढल्यावर मॉफॅट थंडीने गेला. तो रॅपिड काही फार मोठा नव्हता. पण तिथवर येईस्तोवर आठवड्यांची उधारी चढली होती ती त्या दिवशी वसूल झाली.

महिन्याबद्दल. ऑगस्टमधे मच्छर कमी होतात हे खरं, पण चावणाऱ्या काळ्या माश्या महिन्याच्या मध्यापर्यंत असतात, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात वादळं वाढतात, रात्री अंधार पडायला लागतो, बर्फही पडू शकतो. तुमचा लेकचा भाग नेमका तेव्हाच येतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघा. वरची नदी मोकळी झालेली असते, मोठ्या लेकवर बर्फ कधी कधी जुलैच्या मध्यापर्यंत टिकतो पण तुम्ही तिथे पोचेपर्यंत बहुतेक सुटलेला असेल. आणि सगळ्यात मोठा फायदा उजेडाचा, ६४ अक्षांशाला जुलैच्या सुरुवातीला रात्र म्हणजे नुसतं संधिप्रकाश, अकरा वाजताही नकाशा वाचता येतो. वारा पडला की रात्रभर वल्हं मारा, दिवसा झोपा. मच्छरांसाठी जाळीचा शर्ट घ्या, डोक्यावर टोपीसकट येतो तो, आणि तंबूखेरीज एक जाळीचा मोठा मांडव घ्या ज्यात चौघं बसून जेवू शकतील. याला चैन समजू नका. चौथ्या दिवशी माणसाचं डोकं शांत राहतं ते याच्यामुळे.

कोलाडचं वाचून हसू आलं, मावसभावाला राग येऊ देऊ नका. कुंडलिकेवर धरणाचं पाणी ठरलेल्या वेळी सुटतं, मागे गाइड बसून ओरडत असतो, पाणी कोमट, आणि पडलात तर वर काढून चहा मिळतो. इथलं पाणी बर्फाचं. मॅनिटोबा विद्यापीठातले प्रोफेसर गीसब्रेख्त यांचा एक साधा हिशोब आहे, एक-दहा-एक. थंड पाण्यात पडलात की पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण तास. म्हणजे तुमच्याकडे आहेत ती दहा मिनिटं. तेवढ्यात उलटी कनू आणि माणूस काठाला लागला पाहिजे. म्हणून ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरणारा पोशाख, निदान वेटसूट, आणि लेकवर काठ सोडून मधून सरळ रेषेत जायचा मोह टाळायचा, खाडीचं तोंड ओलांडायला वळसा घेऊन पाच किलोमीटर जास्त पडले तरी पडू देत. काठाकाठाने जाण्याचे किलोमीटर तुम्ही नकाशावर मोजलेत का? बहुतेक नाही.

अस्वलांचं आणि होड्यांचं नंतर लिहितो, ड्युटी आहे.

सह्यभटका:

उत्तरवारांचं सगळं मान्य, पण मला मूळ प्रश्नच पटलेला नाही. पहिल्याच मोठ्या ट्रिपला थेलॉन कशाला? अल्गोंक्विनमधे चार दिवस आणि बॅरनलँडमधे, म्हणजे उत्तरेच्या त्या बिनझाडांच्या माळावर, चार आठवडे यात फार अंतर आहे, आणि ते वल्ह्याच्या ताकदीचं नाही. सव्वीसाव्या दिवशी पण समोरच्याचं तोंड बघून चिडचिड होणार नाही का, हे तुम्हाला आज माहीत आहे का?

मी असतो तर युकॉन नदी केली असती, व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी, सातशे किलोमीटरच्या वर. कनू व्हाइटहॉर्सला भाड्याने मिळते आणि डॉसनला परत करता येते, विमानाचं चार्टर लागत नाही, पाण्याला ओढ चांगली आहे त्यामुळे दिवसाला पन्नास-साठ सहज होतात, आणि तीन आठवड्यांत आरामात बसतं. लेक लाबर्ज पन्नास किलोमीटरचं आहे तिथे वाऱ्याची चव कळते, कारमॅक्सच्या पुढे फाइव्ह फिंगर रॅपिड्स आहेत तिथे उजवीकडची वाट धरायची, फोर्ट सेलकर्क नावाचं जुनं गाव बघायला मिळतं जिथे फक्त पाण्याने किंवा विमानाने जाता येतं. कारमॅक्सला तर रस्ता आणि दुकान दोन्ही आहे, कुणाचं बिनसलं तर तिथून घरी. रॅपिडचाच सराव पाहिजे तर तुमच्या ओंटारिओतच मिसिनाइबी नदी आहे, खाली मूसनीला उतरून ट्रेनने परत, ट्रेनमधे कनूसुद्धा चढवतात. हे एक वर्ष करा, थेलॉन कुठे पळून जात नाही.

टोरांटोचा_टवाळ:

बापरे. राग येणार नाही म्हणालो होतो, तो आला नाही पण घाम आला.

सह्यभटका, युकॉनचा विचार आम्ही केला होता आणि खरं सांगायचं तर तिथली गर्दी नको आहे. म्हणजे अगदी गर्दी नाही पण रोज दोन-चार होड्या दिसतात म्हणे. आम्हाला ते झाडं संपल्यावरचं जग बघायचंय, मस्क ऑक्स म्हणजे ते केसाळ रानबैल बघायचेत, कॅरिबू म्हणजे तिथली हरणं बघायचीत. मिसिनाइबी मात्र पटलं, मे-जूनमधे त्याचा एक तुकडा करतो, चौघं एकत्र किती दिवस टिकतो ते तिथेच कळेल. मावसभाऊ तेव्हा इथे नसणार हा एक लोचा आहे.

उत्तरवारा, पाच आठवडे सुट्टी कशी मागू? बायको आणि मॅनेजर दोघांना एकदम विचारायची हिंमत नाही. मधला मार्ग काही आहे का? आणि त्या अ‍ॅबरडीनचा काठाकाठाने हिशोब मी केला नव्हता, आत्ता केला, आकडा इथे लिहीत नाही.

शंकासूर:

एक शंका, कुणी मस्करी समजू नका. या थेलॉनच्या बाजूलाच रशियाचा अणुभट्टीवाला उपग्रह पडला होता ना? तिथलं पाणी प्यायचं, मासे खायचे, रेडिएशनचं काय? आणि दुसरं म्हणजे तिथे कुणीतरी इंग्रज लोक उपाशी मेले होते असं ऐकलंय.

उत्तरवारा:

शंकासूर, दोन्ही खरं आहे. कॉसमॉस ९५४, २४ जानेवारी १९७८. त्याचे तुकडे ग्रेट स्लेव्ह लेकपासून बेकर लेकच्या दिशेने सहाशे किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरले. गंमत बघा, तेव्हा थेलॉनवर वॉर्डन्स ग्रोव्ह म्हणून जागा आहे तिथे सहा जणांचा एक ग्रुप हिवाळा काढत होता, जगाच्या पाठीवर याहून एकाकी जागा नाही अशा भावनेने गेलेले, आणि त्यातल्याच दोघांना बर्फात एक तुकडा सापडला. मग सैन्य, हेलिकॉप्टर, गायगर काउंटर, सगळी वरात. कॅनडा आणि अमेरिकेने महिनोनमहिने शोधून जे सापडलं ते उचललं. त्यानंतर इतक्या वर्षांत किती कनूवाले तिथलं पाणी पिऊन आले, तुम्ही निर्धास्त राहा. तुमची काळजी काळी माशी घेईल.

उपाशी मेलेले म्हणजे जॉन हॉर्नबी, त्याचा नातेवाईक एडगर ख्रिश्चन आणि हॅरोल्ड अ‍ॅडलार्ड. १९२६ मधे हिवाळा काढायला गेले, हॉर्नबीला खात्री की कॅरिबूंचे कळप येतील तेव्हा मारून साठा करू, म्हणून खाणं कमी नेलं. कळप येऊन गेले होते, हे उशिरा पोचले. १९२७ च्या वसंतात तिघंही गेले, एडगर शेवटी, अठरा वर्षांचा पोरगा. त्याने डायरी थंड शेगडीत ठेवली होती म्हणून ती टिकली. झोपडीचे ओंडके आणि क्रॉस अजून काठावर आहेत, तुमच्या वाटेवरच लागतं, थांबा, पण कशालाही हात लावू नका, काहीही उचलू नका. हेच पुढे बेव्हर्ली-अ‍ॅबरडीनच्या काठाला, तिथे इनुइट लोकांच्या जुन्या तंबूंची दगडी वर्तुळं आहेत, एक दगड हलवायचा नाही, कायद्याने गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी हलवू नये. योगायोग असा की हॉर्नबी मेला त्याच १९२७ साली मस्क ऑक्स वाचवायला इथे अभयारण्य जाहीर झालं, जवळपास ५२ हजार चौरस किलोमीटर. आज तुम्हाला ते प्राणी दिसतील ते त्यामुळेच. दिसले की लांबून बघा, नर एकटा असेल तर फारच लांबून.

आता टवाळ, मधला मार्ग. आहे. बेव्हर्ली लेकच्या आधी किंवा त्याच्या वरच्या टोकाला विमानाने उचलून घ्या. संगमापासून तिथवर साधारण निम्मं अंतर, तेही सगळं वाहत्या पाण्याचं आणि या नदीचा सगळ्यात सुंदर भाग, झाडांचे पट्टे टुंड्राच्या आत घुसलेले, हॉर्नबीची जागा, प्राणी सगळ्यात जास्त. बारा-तेरा दिवस निवांत लागतील, तीन-चार दिवस वाऱ्याला आणि विमानाच्या उशिराला ठेवा, तीन आठवड्यांत बसतं. तोटा पैशाचा. यलोनाइफपासून संगम हवेतून पाचशे किलोमीटर, आणि चार्टरवाले जायचे आणि रिकामं परत यायचे असे दोन्हीकडचे किलोमीटर लावतात. ट्विन ऑटर या दोन इंजिनांच्या विमानाची अशी एक फेरी दहा हजार डॉलरच्या पुढेच जाते, दोन फेऱ्या म्हणजे दुप्पट आणि थोडं वर, कारण दुसरी लांबची. बेकर लेकला गेलात तर फेरी एकच, पण तिथून रँकिन इनलेट आणि मग विनिपेग असं रोजच्या विमानाने यायचं, ते तिकीटही स्वस्त नसतं, शिवाय होड्यांचं काय करायचं हा प्रश्न.

होड्या. नेहमीची १७ फुटी कनू घेतलीत तर एकीच्या आतल्या बैठका आणि आडव्या दांड्या काढून दुसरी तिच्यात बसवतात, वाटीत वाटी ठेवतो तशी, मग दोन्ही ट्विन ऑटरच्या पोटात जातात. यलोनाइफला भाड्याने घेतलीत आणि विमानानेच परत आणलीत तर हिशोब सोपा. बेकर लेकला संपवणार असाल तर घडीची कनू बघा, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि वर जाड कापड, पिशवीत बसते आणि विमानात सामान म्हणून जाते. दगडाला घासली तर ठिगळ लावायचं किट बरोबर ठेवायचं. मजबूत असतात, दिसायला गरीब. नाहीतर होडी तिथे विकायची किंवा उन्हाळ्यात येणाऱ्या बोटीने पाठवायची, दोन्हीची बोलणी निघायच्या आधी झालेली पाहिजेत. कुठलीही घेतलीत तरी वरून कापडी झाकण पाहिजेच, लेकवर त्याच्याशिवाय नाही.

वजन आधी करा, विमानवाला पहिला प्रश्न तोच विचारतो. चार माणसं ३२०, दोन कनू ७०, खाणं ९०, माणशी २५ प्रमाणे सामान १००, तंबू-भांडी-इंधन वगैरे ५०. सव्वासहाशे किलोच्या पुढे गेलात. बीव्हर या छोट्या विमानात हे एका फेरीत बसणार नाही. आणि स्वतःचं वजन खरं सांगा, तिथे लाजायचं नाही.

अस्वलं. तिथलं अस्वल म्हणजे बॅरनलँड ग्रिझली. स्प्रे माणशी एक, हाताशी, पिशवीच्या तळाशी नव्हे. प्रवासी विमानात स्प्रे नेऊच देत नाहीत, चेकइनमधेही नाही, त्यामुळे यलोनाइफला विकत घ्यायचे आणि चार्टरच्या पायलटला आधी सांगायचं म्हणजे तो केबिनच्या बाहेर ठेवतो. स्टोव्हच्या इंधनाचंही तेच. तंबूभोवती बॅटरीवर चालणारं विजेचं कुंपण मिळतं, वजन थोडंच, मला त्याने छान झोप लागते. बंदुकीचं म्हणाल तर लायसन्स आणि कोर्स दोन्ही लागतं, आणि ज्याने कधी चालवली नाही त्याच्या हातात दिली तर अस्वलापेक्षा तिघा मित्रांना जास्त धोका. स्वयंपाक तंबूपासून शंभर मीटर लांब, वाऱ्याची दिशा बघून.

सॅटेलाइट मेसेंजर दोन न्या, एक नाही, आणि सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या कारण विमान बोलवायचं असेल तेव्हा पायलटला तुमच्याकडून ढग किती खाली आहेत ते तोंडी ऐकायचं असतं. निघण्यापूर्वी पोलिसांकडे म्हणजे आरसीएमपीकडे ट्रिपचा कागद द्या, कुठून कुठे, किती माणसं, होड्यांचा रंग, कुठल्या तारखेपर्यंत पोचलो नाही तर शोध सुरू करायचा. आणि इन्शुरन्स. ओहिप, म्हणजे ओंटारिओचा सरकारी आरोग्य विमा, दुसऱ्या प्रांतातल्या अँब्युलन्सचे पैसे देत नाही, आणि तिथली अँब्युलन्स म्हणजे विमान. मावसभावाला तर कुठलंच सरकारी कव्हर नाही, त्याचं ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना बारीक अक्षर वाचा, पुष्कळ पॉलिसींमधे असल्या दुर्गम ट्रिपा वगळलेल्या असतात.

डब्यातली_दशमी:

मी आपली खाण्यापुरतं लिहिते, वरचं वाचून हातपाय गार पडलेत.

दर माणशी दिवसाला ८०० ग्रॅम कोरडं वजन धरा, चौघांना अठ्ठावीस दिवस म्हणजे ९० किलो, उत्तरवारांनी धरलेत तेवढेच. पण त्या ८०० ग्रॅममधे काय आहे यावर सगळं अवलंबून. नुसते पोहे-उपमा भरलात तर शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, आणि थंडीत दिवसभर वल्हं मारणाऱ्याला साडेतीन-चार हजार लागतात. म्हणून तूप. तुपाच्या शंभर ग्रॅमला नऊशे. माणशी रोज ५० ग्रॅम धरलं तरी अख्ख्या ट्रिपला साडेपाच किलोच होतं, फिरकीच्या झाकणाच्या प्लॅस्टिक बरण्यांत भरा, काच नको. शेंगदाणे, तीळ, खोबरं, हे सगळं याच कारणासाठी. दाण्याची चटणी म्हणजे नुसती चव नाही हो, इंधन आहे ते.

सकाळी सातूचं पीठ किंवा पोहे, दुपारी स्टोव्ह लावायचाच नाही, वारा असतो आणि वेळ जातो, तेव्हा गूळ-शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट तूप लावून पोळीचे तुकडे किंवा क्रॅकर, चीज. रात्री एकच पातेलं. मुगाची खिचडी घरी शिजवून डिहायड्रेटरमधे वाळवा, गरम पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवली की झाली. कच्ची तूरडाळ चुकूनही नेऊ नका, शिजता शिजता निम्मा स्टोव्ह पिऊन टाकेल. बेसन घरीच खमंग भाजून नेलंत तर पिठलं पाच मिनिटांत होतं. राजमा छोले वाळवता येतात पण आधी नीट शिजवून आणि थोडे ठेचून, अख्खे ठेवलेत तर परत भिजत नाहीत. भाजणी न्या पण थालीपीठ रोज नको, तेल आणि वेळ दोन्ही जातं, वाऱ्यात अडकलेल्या दिवसासाठी राखून ठेवा, तेव्हा हाताला काम आणि जिवाला बरं.

माळकरी मित्राचं. जुलैत गेलात तर आषाढी नदीवरच येणार आणि पुढे चातुर्मास लागणार, तो कांदा-लसूण सोडत असेल तर आत्ताच विचारून घ्या. सगळ्या चटण्या आणि मसाले बिनलसणाचे केले तर दोन वेगळी पातेली करावी लागणार नाहीत. साबुदाणा रात्री झिपलॉकमधे थोडं पाणी घालून भिजवून झोपायच्या पिशवीजवळ ठेवायचा, फार गारठ्यात नीट फुलत नाही. बाकीच्यांनी मासे जरूर खावेत, ग्रेलिंग आणि लेक ट्राउट दोन्ही मिळतात म्हणतात, पण जेवणाच्या हिशोबात ते धरू नयेत. त्या हॉर्नबीने कॅरिबू धरले होते तसं व्हायचं.

पॅकिंग दिवसाप्रमाणे करा, पदार्थाप्रमाणे नाही. एका दिवसाचं चौघांचं एका पिशवीत, वर नंबर. मग साठ लिटरचे निळे ड्रम. शेवटच्या चार दिवसांच्या पिशव्या वेगळ्या ड्रममधे आणि दोन्ही होड्यांत वाटून, एक होडी गेली तरी अर्धं खाणं राहिलं पाहिजे.

सह्यभटका:

दशमीताई, मान गये. टवाळ, मी माझा युकॉनचा हेका सोडतो पण एक सांगतो, बेव्हर्लीला संपवायचा पर्याय घ्या. पैसे जास्त गेले तर चौघांत वाटले जातात. आणि पायलटला पिकअपची तारीख देताना "या तारखेपासून पुढे तीन दिवसांत केव्हाही" असं बोला. ढग खाली असले तर ते येत नाहीत, तुम्ही तंबूत बसून रमी खेळा.

टोरांटोचा_टवाळ:

मंडळी, आज चौघांचा कॉल झाला. ठरलं असं. जुलैचा पहिला आठवडा, संगम ते बेव्हर्लीचं वरचं टोक, विमानाने परत, कनू यलोनाइफहून भाड्याने. बेकर लेक यावेळी नाही. मावसभाऊ जरा हिरमुसला कारण त्याला इनुइट गावात जायचं होतं, पण दोन चार्टरमधला त्याचा वाटा रुपयात सांगितल्यावर तो वेगळ्याच कारणाने गप्प झाला. तो जूनमधेच येतोय आणि मिसिनाइबीचा तुकडा आम्ही त्याच्यासकट करतोय. तिथे मुद्दाम कनू उलटवून, सूट घालून, परत चढायचा सराव करणार. जमला नाही तर थेलॉन रद्द, हे चौघांनी मान्य केलंय.

दोन प्रश्न उरलेत. मासेमारीचं लायसन्स नॉर्थवेस्ट टेरिटरीजचं पुरेल का? आणि मिसिसागाच्या जवळपास कुणाकडे डिहायड्रेटर आहे का महिनाभर उसना?

उत्तरवारा:

बेस्ट. अभयारण्य दोन्ही टेरिटरींत पसरलंय आणि बेव्हर्ली नुनावुटमधे येतं, तेव्हा हद्द ओलांडल्यावर गळ टाकायचा तर नुनावुटचं वेगळं लागेल. दोन्ही काढा. चार्टरचं बुकिंग मात्र आत्ताच करा, जुलैचे दिवस हिवाळ्यातच भरतात. आणि पैसे भरण्याआधी हवामानामुळे थांबावं लागलं तर त्या दिवसांचं बिल कोण देतं ते लेखी घ्या.

डब्यातली_दशमी:

माझ्याकडे आहे, मी ओकव्हिलला असते, पण पाच ट्रेचा आहे. एका वेळी चौघांची दोन-तीन जेवणंच निघतील आणि दहा-बारा तास लागतात, तुमचे वीस दिवसांचे डबे करायचे तर फेब्रुवारीतच न्या. ट्रेवर बेकिंग पेपर घाला नाहीतर खिचडी खालच्या ट्रेमधे गळते. मेसेज करते.